चालेल ना तुला?

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. काल रात्री 'द अटॉमिक कॅफे' पाहिली, १९८२ ची डॉक्युमेंटरी. निवेदक नाहीच, अमेरिकन सरकारच्या प्रचारफिल्म्स, न्यूजरील्स, सैनिकांच्या ट्रेनिंगच्या फिल्म्स असं सगळं नुसतं जोडत नेलंय, अणुबॉम्बची पहिली वर्षं. वर्गात बाकाखाली शिरणारी मुलं, बॉम्ब पडला तर लपायला शिकवणारं ते कार्टूनमधलं बर्ट कासव, सगळं पाहिलं, पण मी अजून बिकिनी बेटावरच आहे, प्रशांत महासागरातलं, अमेरिकेला अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी हवं असलेलं.

१९४६ साल. नौदलाचा कमोडोर वायट तिथल्या लोकांना दुभाष्यातर्फे विचारतोय, मानवजातीच्या भल्यासाठी बेट द्याल का. त्यांचा प्रमुख जुडा उठून बोलतो, सगळं देवाच्या हातात. नंतर शोधून वाचलं तर राष्ट्राध्यक्ष ट्रुमनची चाचणीला मंजुरी जानेवारीतच झालेली, वायट विचारायला गेला फेब्रुवारीत, आणि फिल्ममधलं ते विचारणं मार्चमध्ये कॅमेऱ्यासाठी परत परत करून घेतलेलं. १६७ माणसं रोंगेरिक नावाच्या दुसऱ्या बेटावर नेली, तिथे पोट भरेना, दोन वर्षांत उपासमार.

मग विचारलंच कशाला?

परवा दादाचा फोन, "चालेल ना तुला?" माहेरच्या घराच्या कागदांवर सह्या तर मागच्या आठवड्यातच झाल्या होत्या. मी म्हटलं हो, चालेल. काल दिवसभर तेच डोक्यात, मला कधीच आधी विचारत नाहीत, लग्नाच्या वेळीही... जाऊ दे. रडले थोडी. त्यात समोर तो जुडा.

खरंतर तुलना करायचीही लाज वाटते. आमच्या दोन खोल्या जातायत, त्यांचं बेट गेलं, सत्तरच्या दशकात काही जण परतले तर १९७८ मध्ये पुन्हा उठवलं, शरीरात किरणोत्सर्ग सापडला म्हणून. पण ते विचारणं ओळखीचं वाटलं, त्याला मी काय करू.

आणि आज दुपारी आईची बॅग भरताना मीच म्हटलं, "आई, माझ्याकडे राहायला चालेल ना तुला?" ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." बॅग अर्धी भरून झाली होती. दादाला तरी काय बोलू आता, त्यालाही कुणीतरी घाई केलीच असेल.

टेम्पोवाल्याला अजून फोन केलेला नाही. सकाळी आधी आईजवळ बसते. देवघर, शिवणाचं मशीन, ते लोखंडी कपाट, काय न्यायचं ते ती सांगेल. निघायचं कधी तेही.