लुसैलची रात्र: तीन तासांच्या तयारीने जा

९ डिसेंबर २०२२, शुक्रवार, कतारमधलं दोहा. फुटबॉल विश्वचषकाचे दोन उपांत्यपूर्व सामने एकाच संध्याकाळी: सहा वाजता एज्युकेशन सिटी स्टेडियममध्ये क्रोएशिया-ब्राझील, दहा वाजता लुसैल स्टेडियममध्ये नेदरलँड्स-अर्जेंटिना. माझं तिकीट लुसैलचं.

पहिला सामना अल बिद्दा पार्कमधल्या मोठ्या पडद्यावर पाहायचा, तर नव्वद मिनिटं बरोबरीत संपली की उठावंच लागत होतं. जादा वेळ आणि पेनल्टी धरल्या तर तिथेच पावणेनऊच्या आसपास वाजले असते. पुढे मेट्रोच्या रेड लाइनने लुसैल, स्थानकाबाहेर कठड्यांमधून वळवळत जाणारी लांबलचक वाट, मग तपासणी. राष्ट्रगीतं हमखास हुकली असती. तेव्हा हय्या कार्ड (स्पर्धेसाठीचं प्रेक्षक-ओळखपत्र) असलं की मेट्रो फुकट होती, पण तिकीटही फोनवरच होतं, म्हणून बॅटरी राखून ठेवावी लागली.

मी तसाच उठलो. ब्राझीलच्या नेमारचा गोल मेट्रोत कळला, क्रोएशियाच्या पेटकोविचची ११७व्या मिनिटाची बरोबरी रांगेत. आजूबाजूला सगळे अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे, आणि प्रत्येक फोनवरचं प्रक्षेपण थोडं पुढेमागे. एका फोनवर ब्राझीलच्या मार्किन्योसची शेवटची पेनल्टी खांबाला लागून परत आली होती, शेजारच्या फोनवर तो अजून चेंडू ठेवत होता. ब्राझील हरल्याचा जल्लोष एकदम झालाच नाही, रांगेतून तुकड्यातुकड्याने फुटत गेला.

आत डिसेंबरची हवा आणि वर स्टेडियमचा गारवा. जाकीट हवंच. ३५व्या मिनिटाला मेस्सीने न बघता दिलेला पास आणि मोलिनाचा गोल, ७३व्या मिनिटाला पेनल्टी. २-० झाल्यावर आमच्या बाजूची गाणी थांबेनात. ८३व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या वेखोर्स्टचा हेडर गोलमध्ये गेला आणि सूर बदलला. भरपाई वेळ दहा मिनिटांची, आणि तीही उलटल्यावर नेदरलँड्सला फ्री किक. सगळे उंच फटक्याच्या तयारीत. कूपमाइनर्सने मात्र चेंडू जमिनीलगत वेखोर्स्टकडे सरकवला. २-२. जवळपास नव्वद हजारांच्या स्टेडियममध्ये फक्त डच चाहत्यांचा नारिंगी कोपरा ओरडत होता. इतकी धीट आखणी मी मैदानावर पाहिलेली नाही!

जादा वेळेतही बरोबरी सुटली नाही. पेनल्टी शूटआउट कोणत्या गोलवर, हे नाणेफेकीवर ठरतं. त्यामुळे गोलमागची जागा हा जुगार असतो. बाद फेरीसाठी मध्यरेषेजवळची, वरच्या मजल्यावरची जागा घ्या, दोन्ही टोकं दिसतात. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने व्हॅन डायकचा फटका अडवला, मग बेरखाउसचा. अर्जेंटिनाच्या एन्झोचा बाहेर गेला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेने डोळे झाकले. लाउतारोने शेवटचा मारला आणि ४-३. खेळाडू एकीकडे धावले, मेस्सी मार्टिनेझकडे.

बाहेर पडायची घाई करण्यात अर्थ नव्हता. स्पर्धेच्या काळात मेट्रो पहाटे तीनपर्यंत होती, आणि पहिल्या अर्ध्या तासात गर्दी टप्प्याटप्प्याने सोडत होते, म्हणून लवकर निघूनही उभंच राहावं लागलं असतं. मी जागेवरच बसलो. खाली नारिंगी शर्टातले चाहते अजून त्या रिकाम्या गोलकडे बघत होते.