स्कॅन केलं की अभंग

रविवारी कॉलेज रोडच्या एका कॅफेत गायलो. चाळीसेक माणसं, मानधन म्हणजे जेवण आणि पेट्रोल. निघताना सगळ्यांना माझं क्यूआर कोडचं स्टिकर दिलं, स्कॅन केलं की गाण्यांच्या ॲपवरचं माझं पान उघडावं म्हणून. शालिमारला ३५० रुपयांत शंभर छापून आणले होते. पाच मिनिटांत एक मुलगी परत आली.

"दादा, तुम्ही अभंगही गाता का?"

तिच्या फोनवर नाव माझंच. खाली विठ्ठलाचा फोटो, आषाढीच्या तोंडावर आलेला नवा अभंग. गाणारे माझ्याच नाव-आडनावाचे कुणी बुवा. माझं गाणं त्यांच्या पानावर खाली, जणू त्यांनीच म्हटलेलं.

चूक माझीच. गाणं अपलोड करताना फॉर्ममध्ये विचारतात, या नावाचा कलाकार आधीच आहे, तो तुम्हीच का? रात्री तीनला पेंगत 'हो' दाबलं. छापायच्या आधी स्कॅन करून पाहिलं होतं, पण तेव्हा सगळ्यात नवं गाणं माझं, म्हणून वर कव्हरही माझंच दिसलं. ब्रँडिंगचे धडे देणारा आमचा मित्र रोज तीन रील टाक म्हणतो. हे मात्र कधी बोलला नाही.

पैशांचा घोळ नाही झाला. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड असतो, हिशेब त्यावरून होतो. घोळ माणसांचा. ज्यांना गाणं आवडलं, ते फॉलो करून बसले बुवांना.

आणि त्या गाण्यावर किती जीव काढला होता! पंचवटीतली खोली, दारावर दोन गोधड्या, भिंतीला उभी गादी. रिक्षा थांबल्या की दीड ते साडेतीन रेकॉर्डिंग, तेही मे महिन्यात पंखा बंद करून. पॉप फिल्टरला, म्हणजे माईकपुढे श्वासाचा झोत अडवणाऱ्या जाळीला पैसे नाहीत, म्हणून उसन्या माईकसमोर रबरबँडने उभी पेन्सिल बांधली. 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. कव्हरचा फोटो पहाटे गोदाघाटावर, मोबाईलवर.

तक्रारीचा फॉर्म भरला, गाणं वेगळ्या पानावर आलं. फॉलोअर शून्य. एकसष्ट स्टिकर उरलेत, ते अजून बुवांकडेच नेतात.

काल रात्री त्यांचा अभंग शेवटपर्यंत ऐकला. मोबाईलवरच रेकॉर्ड केलेला असावा. मागे पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येते. महिन्याला ऐकणारे माझ्या चौपट.