वाघोलीचा निळा, सिन्नरच्या काचेत

"रविवारी गारगोटीला जातोय," म्हटल्यावर आई म्हणाली, "मग येताना अंबाबाईला जाऊन ये." तिच्या डोक्यात भुदरगड तालुक्यातलं, कोल्हापूरकडचं गारगोटी. आम्ही निघालो होतो बरोबर उलट्या दिशेला, सिन्नरला. तिथे माळेगाव एमआयडीसीत 'गारगोटी' नावाचं खनिज संग्रहालय आहे. आमच्या दगडवेड्यांच्या गटाची (अकरा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर, माणशी एक भिंग) ही वारी दोन वर्षं नुसती ठरतच होती.

चाकणच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांनी भोगलेलं आहे. संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाटात मात्र गाडी दोनदा थांबवायला लावली. रस्त्यासाठी कापलेला कातळ दिसला की आमच्यातले दोघंतिघं खिडकीतून अर्धे बाहेर असतात. ड्रायव्हरदादांना वाटलं, कुणाला तरी गाडी लागली.

आता या काळ्या दगडात बघण्यासारखं काय असतं? भोकं असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, काही वाटाण्याएवढे, काही माणूस आत बसेल एवढे. पुढे खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली द्रव्यं त्या पोकळ्यांत सावकाश स्फटिक होऊन बसली. बाहेरून कळकट धोंडा, आत झुंबर. पाटा-वरवंट्यापासून किल्ल्यांपर्यंत आपण ज्याचं सगळं केलं, त्याच दगडाच्या पोटातला हा माल.

नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी हा संग्रह उभा केला. एका दालनात जगभरातले नमुने आहेत, दुसऱ्यात दख्खनचे. जगभरातल्या दालनात आमचा वेळ बराच कमी गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो. सोनं-हिरे बघायला गर्दी होतीच.

दख्खनच्या दालनात पहिल्यांदा दिसतात ते अपोफिलाइट. काचेसारखे चौकोनी मनोरे, काही पांढरे, काही कैरीच्या सालीसारखे हिरवे. तापवलं की याचे पापुद्रे सुटतात, ग्रीक नावाचा अर्थही साधारण तोच. शेजारी स्टिल्बाइट, गव्हाची पेंढी मधोमध आवळून बांधावी तसा, फिकट शेंदरी, मोत्याची चमक असलेला. स्टिल्बाइट ज्या कुळातला, त्या झिओलाइटचं नाव 1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने ठेवलं. आच दिल्यावर तो दगड पाणी सोडत उकळल्यासारखा फसफसला, म्हणून 'उकळणारा दगड'. आमच्या गटातले निवृत्त केमिस्ट्रीचे सर ही गोष्ट प्रत्येक सहलीला सांगतात. आजही सांगितली.

ओकेनाइटपाशी मी मुद्दाम मागे राहिलो. पांढरा, लुसलुशीत, सावरीच्या कापसाचा गोळा दगडात चिकटवून ठेवल्यासारखा. खरं तर ते केसाएवढे बारीक स्फटिक असतात. माझ्याकडे एक होता. दिवाळीच्या साफसफाईत आईने तो टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात, मन लावून घासला. वाळल्यावर त्याचं भिजलेल्या मांजरासारखं झालं आणि पुन्हा काही तो फुलला नाही. तिला अजून वाटतं की तिने तो स्वच्छ केला.

आणि मग कॅव्हान्साइट. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळे गोंडे, वाटाण्याएवढे. निळा म्हणजे मोराच्या मानेचा. शाई सांडल्यावर कागद पीत नाही तोवर ती जशी दिसते, तसा ओला निळा. नाव मात्र अगदीच कारकुनी: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून केलेलं. हे पहिल्यांदा सापडलं 1967 साली अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये. पण जगभरचे संग्राहक ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला. तिथेच त्याचा जुळा पेंटागोनाइटही निघतो. रासायनिक सूत्र तेच, फक्त आतली मांडणी वेगळी. कोपऱ्यातला एक नमुना नेमका कोणता, यावरून आमच्यात वीस मिनिटं जुंपली. पेंटागोनाइटचे स्फटिक एकमेकांत गुंतून पाच टोकांची चांदणी करतात, पण काचेच्या बाहेरून भिंगाने टोकं मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली शितं मोजण्यासारखं.

मी वाघोलीतच राहतो. आमच्या इमारतीच्या स्लॅबमधली खडी याच भागातल्या कुठल्यातरी क्रशरवरून आली असणार. सुरुंग उडाला, धोंडे ट्रकमध्ये भरले, जबड्यात गेले, वीस एमएम होऊन बाहेर पडले. मधल्या त्या काही मिनिटांत कुणीतरी वाकून बघितलं तरच निळा वाचतो. अशा नमुन्यांच्या पाटीवर खनिजाचं नाव येतं, गावाचं येतं, फार तर संग्राहकाचं येतं. ज्याने घण बाजूला ठेवून तो तुकडा डोक्याच्या फडक्यात गुंडाळला, त्याचं नाव लिहायची रीत कुठल्याच देशात नाही. मला हे खटकतं. गटातल्या एक काकू म्हणाल्या, "त्याला त्याचे पैसे मिळाले असतील ना!" मिळाले असतीलही.

बाहेर पडताना प्रत्येकाने काही ना काही घेतलं. मी ओकेनाइट घेतला नाही.

परतताना सिन्नर गावात गोंदेश्वराला थांबलो. यादवांच्या काळातलं, भूमिज शैलीचं देखणं देऊळ, मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. शिल्पं बघायची सोडून आमची मंडळी भिंतीला नाक लावून उभी. दगडात मोहरीएवढे पांढरे ठिपके होते, म्हणजे तेच बुडबुडे, भरून आलेले. अकरा माणसं एका ओळीत, डोळ्याला भिंग लावून, देवळाच्या जोत्याशी ओणवी.

फुलं घेऊन आलेल्या एक आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी जवळ येऊन म्हणाल्या, "काय पडलंय रे पोरांनो? कुडी का?"