इन्सुलिनने भूक वाढते की मरते?

अशोक चौकाजवळ माझं छोटं मेडिकल आहे. इन्सुलिनचं पेन न्यायला येणारे बरेच जण एकच तक्रार करतात, "ताई, हे सुरू केल्यापासून भूक लई लागतीय." खरंच आहे. डोस जास्त झाला किंवा जेवण लांबलं की साखर घसरते. मग थरथर, घाम आणि कडकडून भूक. म्हणून मेंदूत मात्र इन्सुलिन भूक कमी करतं असं म्हटलं, की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

जेवल्यावर स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनपैकी थोडं रक्तातून मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या भूक सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचतं. तिथे भूक पेटवणाऱ्या पेशींना ते दाबतं आणि 'बास आता' म्हणणाऱ्यांना जागं करतं. १९७९ साली बबून माकडांच्या मेंदूत थेट इन्सुलिन सोडून पाहिलं, तर त्यांचं खाणं कमी झालं, वजनही उतरलं.

गडबड होते ती सुजेमुळे. अतिचरबीच्या खाण्यावर ठेवलेल्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये ती काही दिवसांतच दिसते, वजन वाढायच्याही आधी. २०१२ सालचा हा निष्कर्ष मला सगळ्यात जास्त खटकला, कारण आपण उलटंच धरून चालतो. संपृक्त चरबीमुळे मेंदूतल्या संरक्षक पेशी खवळतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत जाताना मधेच अडतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये मालक घसा फाडून ओरडला तरी कारागिराला ऐकू येत नाही, तसं. रक्तात इन्सुलिन भरपूर असतं, पण 'बास' कुणाला पोचतच नाही.

(शेंगाचटणीला यात ओढू नका. अशा प्रयोगांत सहसा डुकराची चरबी वापरतात. शेंगदाण्याची चरबी मुख्यतः असंपृक्त. अर्थात वाटीभर खाल्ली तर माझा नाइलाज आहे.)

म्हणून "तोंडावर ताबा नाही" असं कुणी कुणाला सुनावलं की मला राग येतो. परवा एक काकू काउंटरवरच काकांना बोलत होत्या. मी हे सगळं सांगितलं, तसे काका खुलले.

"बघ, माझा दोष नाही म्हणं!"

"मग त्या सुजेची गोळी दे की," काकू म्हणाल्या.

तशी गोळी नाही माझ्याकडे. रात्रीची भजी तेवढी बंद करा म्हटलं, तर काका सुट्टे मोजायला लागले.