सहा, सात की अकरा?

सातारा तालुक्यातल्या आमच्या शाळेत सहावीला नऊच्या विभाज्यतेची कसोटी शिकवायची होती. कसोटी आधी सांगून टाकली की मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. म्हणून तासाची सुरुवात गाड्यांच्या नंबरांनी केली. 'एमएच ११' आणि मधली अक्षरं सोडून शेवटचे चार अंक घ्यायचे. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान करायची, वजा करायचं. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली ही गंमत: जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तेच येत राहतं.

पथ्यं दोनच. चारही अंक सारखे नकोत; आरटीओत जादा पैसे भरून घेतलेला ७७७७ इथे पहिल्याच फेरीत शून्य होतो. दुसरं, पुढचं शून्य लिहायचंच. १११२ चे २१११ − १११२ = ०९९९. नुसतं ९९९ लिहिलं की ९९९ मधून ९९९ गेले, खेळ खलास.

फाटकाशी उभ्या टेम्पोचा ४५२७ तिघांनी उचलला. तिघांनाही ६१७४ आलं. पण एकाला सहा पायऱ्यांत, एकीला सात, एकाला अकरा. "सर, उत्तर तर आलंय की!" अकरावाला म्हणाला. सातच्या वर जातच नाही म्हटल्यावर त्याच्या वहीवर संशय आला. सहावाला मात्र पहिला पोचला म्हणून ऐटीत.

तिन्ही वह्या फळ्यावर उतरवल्या. बरोबर वाट अशी: ५०८५, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. अकरावाल्यानं ६५४३ − ३४५६ करताना प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला होता: ३११३. सहावाल्यानं ९९७२ − २७९९ मध्ये एककासाठी दशक मोडला, पण दशकाच्या घरात सातचे सहा केलेच नाहीत: ७१८३. तरी दोघे पोचले, कारण चुकून आलेली संख्याही चार अंकीच, तिलाही तीच वाट. ६१७४ आलं म्हणून वजाबाकी बरोबर, असं म्हणता येत नाही.

मग चूक शोधायची कशी? फळ्यावरच्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करायला लावली. सगळीकडे १८ किंवा २७. फक्त ३११३ चे ८ आणि ७१८३ चे १९. इथे वर्ग गप्प झाला आणि कसोटी मुलांनीच सांगितली: अंकांच्या बेरजेला नऊनं भाग गेला तर संख्येलाही जातो. कारण मी दिलं: १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १, नऊचे गट काढून टाकले की उरते अंकांची बेरीज. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, म्हणून दोन्ही संख्यांची बाकी सारखी आणि वजा केल्यावर ती उडते; म्हणजे बरोबर उत्तराला नऊनं भाग जायलाच हवा.

शून्याच्या जागी नऊ पडला तर मात्र ही कसोटी फसते. अंकांची अदलाबदल होऊन ७१७३ चं ७७१३ झालं तरीही कळत नाही, पण पुढच्या पायरीला अंक नव्यानं लावायचेच असल्यानं त्यानं काही बिघडत नाही. वजाबाकी कच्ची असलेल्या वर्गाला तीन अंकी द्यावं: तिथे ४९५ येतं, जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत.