काठी, सोटा आणि जिरे

रविवार, रात्री उशिरा

आज बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा अध्याय पुन्हा वाचला आणि शेवटच्या सात वचनांपाशीच अडकले. आधी शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या, दारूत बुडालेल्या लोकांवर कोरडे ओढलेत, मग यरुशलेमच्या सत्ताधाऱ्यांवर. संकट पुरासारखं लोटणार हे सांगून झालं की यशया एकदम शेतात शिरतो. नांगरणारा नुसता नांगरतच राहतो का, विचारतो. ढेकळं फुटून रान सारखं झालं की कलौंजी फोकायची, जिरे टाकायचे, गहू, सातू आपापल्या जागी, कडेला खपलीसारखा गहू.

मग मळणी. तिकडची मळणीची फळी म्हणजे खालून धारदार दगड ठोकलेलं जड लाकूड. ती कलौंजीवर फिरवत नाहीत. जिऱ्यावरून गाडीचं चाक नेत नाहीत. कलौंजी काठीने झोडपायची, जिरे सोट्याने. गव्हावरून चाक फिरतं, पण तेही कायम नाही, भुगा होईस्तोवर तर नाहीच.

आजी आठवली. ज्वारीची कणसं खळ्यात, तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पायाखाली. तिळाची पेंढी मात्र ती स्वतः हातात घ्यायची, धोतराच्या जुन्या पानावर उलटी धरून काडीने हलकेच ठोकायची. तीळ सरसर पडत. आम्ही जोर लावला की म्हणायची, "अगं, बोंडं चुरतील. मग निवडत बसशील."

हिब्रूत ती काठी म्हणजे मत्ते, सोटा म्हणजे शेवेत. हीच जोडी दहाव्या अध्यायात अश्शूरसाठी, म्हणजे अ‍ॅसिरियाच्या साम्राज्यासाठी, आलीय: देवाच्या रागाचा सोटा. आज हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. ज्या साम्राज्याने इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन पाडलं, त्याच्यासाठी वापरलेले शब्द इथे जिरे झोडणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात!

पाचव्या अध्यायातल्या दृष्टांतातला द्राक्षमळ्याचा मालक, म्हणजे देवच, असा थांबत नाही. दगड वेचून, कुंड खोदून रानद्राक्षं हाती आली, तर तो कुंपणच काढून टाकतो. मिश्पात हवा होता, मिस्पाख मिळाला, न्यायाऐवजी रक्तपात. पुढच्याच वचनात शेताला शेत जोडणाऱ्यांचा धिक्कार आहे, त्यामुळे तो राग मला पटतो. तरी जीव २८व्यातच गुंततो.

ज्यांची घरं अश्शूरने जाळली त्यांना "तुम्ही जिरे आहात" म्हणायची माझी छाती नाही. यशयाही तसं म्हणत नाही. शेतकऱ्याला ही रीत त्याच्या देवाने शिकवली, एवढंच सांगतो.

उद्या आईला फोन करून विचारायचंय, आजीची ती काडी कशाची असायची. तुराटी होती की निंबाची फांदी?