कपड्याला बाई की बाईला कपडा?

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या फोनवर ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो सुरू होतात. भाच्या, भाच्यांच्या मैत्रिणी, गल्लीतल्या वहिनी. प्रश्न एकच: ‘तुम्ही मॉडेलिंग केलंय ना, मग सांगा, मी कशात बारीक दिसेन?’ प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच टाकते.

आधी माझं मॉडेलिंग म्हणजे काय ते ऐका, नाहीतर लोकांना वाटतं मी पॅरिसला चालून आले. माझं मॉडेलिंग सुरतेचं. अमळनेरहून तापी लाइनची गाडी धरायची, नंदुरबार, नवापूर करत उधन्याला उतरायचं. सुरतेतलं उधना-लिंबायत म्हणजे दुसरं खान्देशच, तिथे मामाकडे मुक्काम. रिंग रोडच्या टेक्स्टाइल मार्केटातले व्यापारी साड्यांचे, कुर्त्यांचे कॅटलॉग काढतात. त्या कॅटलॉगमधली बाई मी. मुंबईत रॅम्पवरही चालले, पण घर चाललं ते सुरतेच्या जॉर्जेटवर.

या धंद्यात एक गोष्ट सगळ्यात आधी कळते. तिथे कपडा आधी तयार असतो आणि त्यात बसणारी बाई नंतर शोधतात. डिझायनर शोसाठी सगळे नग एकाच मापात काढतो, त्याला सॅम्पल साइज म्हणतात. कास्टिंगला मुलींची रांग लागते आणि ज्या मुलीच्या अंगावर तो नग चेन न अडकता चढतो ती घेतली जाते. बाकीच्या परत. त्यांच्यात काही उणं असतं असं नाही, शिंप्याला त्या आठवड्यात दुसरं माप काढायचं नसतं एवढंच. हे माप खाली जाता जाता इतकं गेलं की २००६ मध्ये माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १८ पेक्षा कमी असलेल्या मुलींना रॅम्पवर बंदी घातली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि जाहिरातीत बाईचं अंग कॉम्प्युटरवर बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं फोटोवर छापावं लागतं.

आपल्याकडे उलट असायला हवं. बाई घरात आहेच, कपडा तिच्यासाठी आणायचा. पण आपण दुकानात जातो आणि कास्टिंगला गेल्यासारख्या उभ्या राहतो. कुर्ती बसली नाही तर कुर्तीला नाव ठेवत नाही, स्वतःच्या दंडाला ठेवतो.

आता त्या फोटोची गंमत सांगते. कॅटलॉगमध्ये माझा ब्लाउज इतका चापून बसलेला दिसतो ना, तो माझ्या मापाचा कधीच नसायचा. एकच ब्लाउज तीन-चार मुली घालायच्या, पाठीमागून क्लिपा आणि सेफ्टी पिना लावून आवळायचा. समोरून राणी, मागून वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. साडीला फॉल-पिको नसतं, कारण शूट झालं की ती घडी घालून परत पेटीत जाते. कुर्ती डोक्यातून घालताना तोंडावर ओढणी टाकायची, मेकअपचा डाग पडला की नग वाया. सँडलच्या तळाला टेप लावलेली, कारण सँडल दुकानात परत द्यायची. आणि एका सेटमध्ये आठ रंग असले तर मी प्रत्यक्षात एखाद-दोनच साड्या नेसलेली असायचे. बाकीचे रंग कॉम्प्युटरवर बदलायचे. मोरपंखी रंगात मी फार छान दिसते असं मला बऱ्याच जणींनी सांगितलंय. मी तो रंग अंगाला लावलेला नाही.

एकदा पारोळ्याला बाजारात साडीच्या दुकानात बसले होते. शेजारच्या बाईने पेटी उचलली, वरचा फोटो निरखला आणि पोरीला म्हणाली, ‘हाई नेस, हाईमां बारीक दिसशी.’ फोटो माझा. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली, कंबर फोटोतल्यापेक्षा चांगली तीन बोटं जास्त. मी काही बोलले नाही. दुकानदार ओळखीचा होता, त्याचं गिऱ्हाईक कशाला मोडू.

तर मुद्दा हा की त्या पिना आपल्याला रोज लावून फिरता येत नाहीत, पण पिनांनी जे होतं ते टेलरकडून करून घेता येतं. माझं ऐकणार असाल तर साडीच्या पैशातले थोडे काढून शिलाईत घाला. पाचशेच्या साडीवर नीट बसलेला ब्लाउज पाच हजारांच्या साडीवरच्या ढगळ ब्लाउजला मागे टाकतो, हे मी रोज कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलंय.

टेलरकडे जाताना त्या दिवशी जी ब्रा घालणार तीच घालून माप द्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे, दंडावर ओघळली की अख्खी बाई थकलेली दिसते. मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईबद्दल, तर आपल्या बायकांची समजूत सरसकट उलटी आहे. ‘भाऊ, मुंढा सैल ठेवा, हात वर झाला पाहिजे’ असं सांगतात. मुंढा खाली कापला की हात उचलल्याबरोबर ब्लाउजच वर चढतो आणि खालून पोट दिसतं. मुंढा वर, काखेच्या जवळ कापलेला असेल तर हात उचलताना फक्त बाही हलते. ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहू नका. हात वर करा, खाली वाका, लहान पोर उचलल्यासारखं करा. आत शिवणीत दाब, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायला सांगा, दोन वर्षांनी उसवून मोठा करता येतो. अस्तर सुती असेल तर कापायच्या आधी पाण्यातून काढलंय का ते विचारा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगे धरतं.

रेडीमेड कुर्ती घेताना छाती आणि खांदा बघून घ्या. कंबर आत घेता येते, उंची कमी होते, बाही आखूड होते, पण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे जवळजवळ नवीन शिवणं आलं. आणि मापाचं लेबल कापून टाका. प्रत्येक कंपनीचा एल वेगळा असतो, मी स्वतः एकाच दिवशी एस पासून डबल एक्सएल पर्यंत सगळं घातलेलं आहे.

परकराचं वेगळं सांगते, कारण तो कोणी विचारत नाही. जॉर्जेट, शिफॉन अंगाला चिकटतं, त्याखाली घेरदार सुती परकर घातला की कंबरेखाली गोळा होतो. तिथे अंगाबरोबर जाणारा, खाली थोडा उघडणारा फिश कट परकर घ्या. सुती आणि काठाच्या साडीला मात्र आपला नेहमीचाच बरा. नाडा कचकन आवळायची सवय सोडा. आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांच्या कंबरेवर नाड्याचा काळा वण असतो, ते कौतुकाचं लक्षण नव्हे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा वर्षानुवर्षं काचलेल्या जागी जखम होऊन कर्करोग झालेल्या दोन बायकांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. रुंद पट्ट्याचा परकर शिवा, नाडा जरा सैल बांधा, कातडी खाजली किंवा सोलली तर दुर्लक्ष करू नका.

रंगाविषयी लिहायचं टाळणार होते, पण सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच असतात. मी सावळी आहे. सुरतेत मेकअपवाला मला दोन शेड उजळ करायचा, उरलेलं काम एडिटिंगवाला. मुंबईच्या रॅम्पवर मात्र मला याच रंगावर काम मिळालं, म्हणजे रंग तोच, गिऱ्हाईक बदललं. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातलं ‘फेअर’ काढलं, आपल्या लग्नाच्या बायोडाट्यातला ‘रंग: गोरा’ अजून जागेवर आहे. लग्नाआधी महिनाभर मेडिकलमधून आणून चोळायच्या ट्यूबांबद्दल एवढंच म्हणते: मागचं बारीक अक्षर वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या आणि लव येते, आणि ट्यूब बंद केली की भडका उडतो. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मागितली की मिळतात. मागू नका.

त्यापेक्षा ऊन सांभाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो आणि आपल्या पोरी पातळ पांढरी ओढणी गुंडाळून स्कूटीवर निघतात. पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरणं बरीचशी आत येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ जास्त अडवतो. त्याखाली सनस्क्रीन हवंच, आणि दुपारी पुन्हा लावायचं असतं. सावळ्या कातडीला लागत नाही हा गैरसमज आहे, आपल्याकडे डाग आणि वांग जास्त पडतात.

उभं राहणं मात्र मी सुरतेत शिकले नाही. माझी आजी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन शेतातून यायची, मान ताठ, नजर लांब. कोरिओग्राफरने मला रॅम्पवर हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि पैसे घेऊन. १९९२ च्या मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आलेली मधु सप्रे मूळची खेळाडू, तिचे जुने फोटो काढून खांदे बघा. फोटोला उभं राहायचं तर छाती कॅमेऱ्यासमोर सपाट ठेवू नका, अंग थोडं तिरकं करा, भार मागच्या पायावर टाका, हनुवटी किंचित पुढे घेऊन खाली करा आणि श्वास सोडता सोडता फोटो काढू द्या. पोट आत ओढून धरलं की खांदे कानाला लागतात, ते पोटापेक्षा वाईट दिसतं. लग्न शेतातल्या मांडवात असेल तर पेन्सिल हील घालूच नका, काळ्या मातीत रुतते. रुंद टाचेची किंवा वेजेस घाला.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शूटच्या आदल्या दिवसापासून पाणी सोडणाऱ्या मुली मी बघितल्यात, त्यातली एक लाइटखाली चक्कर येऊन पडलेलीही बघितली. मी कळण्याची भाकरी आणि भरीत डब्यात न्यायचे. शूटच्या आदल्या रात्री फक्त शेवभाजी टाळायचे, खारट-तिखटाने सकाळी डोळे सुजतात. त्याला डाएट म्हणायचं असेल तर म्हणा.

आता ज्यांना खरोखर हे काम करायचंय त्यांच्यासाठी. धुळ्यात, जळगावात अधूनमधून हॉटेलात ‘ऑडिशन’ लागतं. तिथे सगळ्याच निवडल्या जातात, आणि मग पोर्टफोलिओचे पैसे मागतात. जो तुमच्याकडून आधी पैसे घेतो त्याचं गिऱ्हाईक तुम्ही आहात. खरी एजन्सी तुमच्या कामातून कमिशन कापते. सुरुवातीला तिला साधे फोटो पुरतात: दिवसाच्या उजेडात, कोऱ्या भिंतीसमोर, मेकअप न करता, केस मागे बांधून, जीन्स आणि टी-शर्टवर, समोरून आणि बाजूने. भाऊ मोबाइलवर काढून देईल. सोबत उंची आणि मापं खरी लिहा, खोटं माप ट्रायलला पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. उंची कमी असेल तर रॅम्पचा नाद सोडा, कॅटलॉगला, दागिन्यांना, हातांच्या-चेहऱ्याच्या कामाला तेवढी उंची लागत नाही.

काम ठरलं की व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: किती पीस, किती वाजेपर्यंत, जास्तीच्या पीसचा दर काय, फोटो फक्त कॅटलॉगला की होर्डिंगलाही, आणि किती वर्षं वापरणार. कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का. पैसे कधी. कापड बाजार उधारीवर चालतो, ‘दिवाळीनंतर’ हा तिथला आवडता शब्द आहे. निदान गाडीभाडं आणि काही रक्कम त्याच दिवशी हातात पाडून घ्या.

आणि सुरुवातीला एकट्या जाऊ नका. माझी आई माझ्याबरोबर यायची. स्टुडिओच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून दिवसभर वाती वळत बसायची, फोटोग्राफरपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तिला ‘मासी’ म्हणायचे. तिला शूटमधलं काही कळत नव्हतं, पण घड्याळ कळत होतं. एकदा संध्याकाळी पार्टीने, म्हणजे व्यापाऱ्याने, आणखी गठ्ठा उघडला, ‘बेन, बस चार पीस’ म्हणून. मी नाही म्हणायला शब्द जुळवत होते, तोवर आईने वातींचा डबा बंद केला. ‘गाडीना टाइम व्हई गया,’ म्हणाली, आणि माझ्या पाठीच्या क्लिपा काढायला लागली.